मॅन्झनिटाची पाणपोई

"पानं वाळतायत यार, म्हणून पाणी डबल केलं," निखिल फोनवर म्हणाला आणि मी लंच सोडून गाडी काढली.

मी कॅलिफोर्नियात लँडस्केप डिझायनर आहे, म्हणजे लोकांच्या बागा आखून देते. निखिल माझा क्लायंट, सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर. डोंगरउतारावरच्या त्याच्या नव्या घरामागे मॅन्झनिटाचं जुनं झुडूप होतं. इथलंच रानझाड, बारमाही हिरवं, खोड तांबडं आणि गुळगुळीत. बिल्डर ते उपटणार होता. मी भांडून वाचवलं, कारण माझा त्या झुडपावर जीव होता.

इथे उन्हाळ्यात पाऊस नसतो. त्या दिवसांत मॅन्झनिटा झोपलेलं असतं. तापल्या मातीत पाणी मुरलं की मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं वाळतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बिचारं तहानलंय. हे मी निखिलला आधीच समजावलं होतं. त्याने मान डोलावली होती, मीटिंगमध्ये डोलावतात तशी.

पोचले तेव्हा नागपूरहून आलेल्या त्याच्या आई बुंध्याशी तांदूळ धुतलेलं पाणी ओतत होत्या.

"काकू, याला उन्हाळ्यात पाणी चालत नाही."

"अगं, नागपुरात आम्ही अनोळखी माणसांसाठी पाणपोई घालतो. हे तर दारचं झाड."

त्यात निखिलचं ॲपवर चालणारं ड्रिप वेगळंच. माती उकरली तर कुजका वास आला.

"सगळं पाणी आजच बंद कर," मी म्हणाले.

"पण ॲप तर माती ड्राय दाखवतंय."

"सेन्सर कुठे आहे?"

"पॅटिओवर, घराला लागूनच्या कुंडीत. वायफाय तिथपर्यंतच पोचतं."

मी त्याच्या हातून फोन घेतला आणि ड्रिप बंद केलं.

पाणी बंद झालं, पण वेळ गेली होती. पानं करड्या रंगाची होऊन गळली. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

दिवाळीला त्यांनी जेवायला बोलावलं. वाळलेल्या तांबड्या फांद्यांवर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. पाहुणे त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

"किती सुंदर झाड! मेंटेनन्स खूप असेल ना?" कुणीतरी विचारलं.

"छे, काहीच नाही," निखिल ऐटीत म्हणाला. "पाणीसुद्धा लागत नाही."

मी आणखी एक चकली घेतली. माझ्या धंद्यात क्लायंट सूचना तंतोतंत पाळतात. फक्त आधी झाड मरावं लागतं.