कपाळावरचं झुलूप

माझ्या धाकट्या भावाला दुकानात सगळे ‘हिरो’ म्हणतात. कौतुकानं नव्हे. चाळिशी उलटली तरी कपाळावर झुलूप, झुलपाखाली मुरुमं, हसताना तोंडापुढे हात, आणि हे ध्यान सकाळी आरशासमोरून हलता हलत नाही.

चष्म्याच्या दुकानात तो फ्रेम बसवतो. काम चोख, तेवढं म्हणावंच लागेल. गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट फिरवलं की दांडी कुठं वाकवायची ते त्याला बरोबर कळतं. पण त्यासाठी तोंड तोंडाजवळ न्यावं लागतं, आणि याचं तोंड बघून लोक मान मागे घ्यायला लागले. मालक म्हणाले, “चेहरा साफ कर, नाहीतर मागच्या खोलीत भिंगं घासायला बस.” घरी येऊन जेवला नाही. काउंटर म्हणजे त्याचा जीव की प्राण.

तोवर काय काय थापून झालं होतं! टूथपेस्ट, लिंबू, कुठल्या दीडशहाण्यानं दिलेली ट्यूब. ट्यूबनं चार दिवस चकाकला, मग भाजल्यासारखा लाल. शेवटी मीच त्याला कान धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी मलम दिलं. झोपताना पातळसं लावा, मुरुमं फोडू नका, आधी वाढल्यासारखं वाटेल, दोन-तीन महिने धीर धरा. मग पेनाच्या टोकानं झुलूप उचललं.

“इथं काय लावता?”

“केस बसवायचं क्रीम.”

“तेच कपाळावर उतरून छिद्रं बुजवतंय. ते बंद करा आणि केस मागे घ्या.”

मागे घ्यायला केस हवेत ना! याचं कपाळ टाळूला जाऊन भिडलंय, सगळी मदार त्या एका झुलपावर. मुरुमं झाकायला झुलूप, झुलूप टिकवायला क्रीम, आणि क्रीमनं पुन्हा मुरुमं. घाण्याच्या बैलालासुद्धा याची कीव येईल.

मलम मात्र नेमानं लावलं. गाल साफ झाले, हनुवटी साफ झाली. कपाळ जसंच्या तसं. मालकांनी शेवटचं बजावलं, तशी मी त्याला न्हाव्याकडे घेऊन गेले. कात्री दिसली मात्र, गडी खुर्चीवरून उठला तो गळ्याला बांधलेल्या कापडासकट थेट घरी.

“चार केसांपायी काउंटर घालवतोस?” मी म्हटलं.

“तायडे, मुरुमं बघून लोकांना वाटतं, जातील कधीतरी. टक्कल जातं का?”

मूर्खाच्या तोंडी कोण लागणार! त्याच्या गळ्यातलं कापड सोडून मी न्हाव्याला परत देऊन आले.

काउंटर गेलं. काल तो डबा विसरला म्हणून मी मागच्या खोलीत गेले. खिडकी नाही, आरसा नाही, सगळीकडे पांढरी पूड. हा हातातलं भिंग सदऱ्याला पुसून दिव्यासमोर तिरकं धरून त्यात झुलूप नीट करत होता. क्रीमवर पूड बसून त्याचा लगदा झाला होता.

“अरे, इथं कोण बघतंय तुला?”

“कोणीच नाही,” तो म्हणाला आणि हसला. तोंडापुढे हात न धरता हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका संताप आला की डबा आपटूनच बाहेर पडले, आणि रस्ताभर डोळे पुसत आले.