ट्रेनिंग झालेले आकाराम मास्तर

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत आकाराम मास्तर नऊ वर्षं शाळा चालवत होते. सातवी पास, ट्रेनिंग नाही. पण त्यांच्या हाताखालचं पोर मेढ्याच्या शाळेत गेलं तरी कुठं अडायचं नाही. सेहेचाळीस साली बोर्डाचा कागद आला: ट्रेनिंग करा, नाहीतर नोकरी सोडा.

मास्तर पस्तिशीत साताऱ्याला जाऊन पुन्हा बाकावर बसले. एके दिवशी तिथले गुरुजी म्हणाले, "मूल सारखं तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर त्याला ऐकू कमी येत असेल. मठ्ठ म्हणून टाकू नका." मास्तरांचा टाक तिथंच थांबला. वाडीतल्या जोतीरामाची पोरगी बनू अशीच बघायची. तिला त्यांनी मठ्ठ समजून दोन वर्षं मागच्या भिंतीला बसवलं होतं. शेवटी तिनं शाळाच सोडली.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. वर्षानं सर्टिफिकेट घेऊन ते वाडीत आले, पण घरात न टेकता आधी जोतीरामाच्या दारात गेले.

"उद्यापासनं बनूला पाठव."

"आवं मास्तर, हिच्या डोक्यात दगड हाय असं तुमीच म्हनला व्हता."

"म्हनलो व्हतो. चूक माझी व्हती."

बनू आली. मास्तरांनी तिला अगदी पुढ्यात बसवलं. दिवाळीपर्यंत ती अडखळत का होईना, धडा वाचू लागली. बाकीचा वर्ग मात्र मुका झाला. मास्तर आता ट्रेनिंगात शिकवल्याप्रमाणे रोज वहीत पाठाचं टाचण काढायचे आणि त्यातलंच बघून बोलायचे.

"पोरं म्हंत्यात, मास्तर वहीसंगं बोलत्यात," बायको हरणाबाई म्हणाली.

"मग काय करू? नऊ वर्षं माझ्याच मनानं शिकवलं, त्यात बनू बुडाली."

माघात शाळेच्या तपासणीला बोर्डाचे दिपोटी साहेब आले. टाचणं चाळली, शेरा लिहिला: 'प्रशिक्षित शिक्षक. काम उत्तम.'

"साहेब, पोरांना काहीतरी विचारा की," मास्तर म्हणाले.

"टाचणं आहेत ना? झालं तर."

साहेब गेले. मास्तर वर्गात नुसते येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी एकेकाला जवळ बोलावलं, पाटी हातात दिली आणि भागाकार घातला. अकरा जणांपैकी सहा जणांना तो येत नव्हता.

"कवापासनं येत न्हाई रं?"

"तुमी ट्रेनिंग करून आल्यापासनं," बाळासो खाली मान घालून म्हणाला.

मास्तर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. "मला सांग, कुठं अडतंय ते."