बैलगाडी गेटवरचा दांडा

इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी जेवताना वाचतो आणि निम्म्या वेळा हसतो. पैंजणांचा आवाज, उलटे पाय, पांढरी साडी... माझा धंदा वायरचा आहे. वायरमध्ये करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं, असं मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे काही वाटत नाही. मला राग आलाय. वर्ष होत आलं तरी तो उतरत नाही, म्हणून लिहितोय. कमेंटमध्ये लिंबू-मिरचीचे सल्ले देऊ नका, डोकं आणखी फिरेल.

मी सुप्याला राहतो, नगर जिल्हा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. एमआयडीसीतल्या कंपन्यांना ऑटोमॅटिक गेट आणि बॅरियर बसवून देतो. बॅरियर म्हणजे टोलनाक्यावर वर-खाली होतो तो दांडा. मागच्या गळीत हंगामाच्या तोंडावर जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याचं काम आलं. नाव सांगणार नाही, विचारूही नका. उसाच्या बैलगाड्या आत येतात त्या गेटवर त्यांचा लोखंडी पाइप होता, माणूस दोरीने ओढायचा. त्याच्या जागी ऑटोमॅटिक दांडा हवा होता.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दांड्याच्या बुडाशी पेटी असते, तिच्यात कंट्रोल युनिट. दांडा वर गेला की आठ सेकंदांनी ते तो खाली आणतं, पण आणण्याआधी दोन ठिकाणी विचारतं. एक म्हणजे लूप — रस्त्यात पुरलेलं तारेचं वेटोळं. त्याच्यावर लोखंड आलं की त्याला कळतं. दुसरा फोटोसेल — समोरासमोरच्या खांबांवर बसवलेले दोन डोळे. मध्ये माणूस आला, जनावर आलं की कळतं. ट्रकला लूप पुरते. बैलगाडीला नाही पुरत. बैल लोखंडाचा नसतो, आणि बैलापुढे कासरा धरून चालणारी बाई तर नाहीच नाही. हे मी पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगितलं होतं. लेखी दिलं होतं.

फोटोसेल काही आले नाहीत. खरेदी विभागात फाईल अडकली. इकडे मोळीचा मुहूर्त ठरलेला — गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकायची, मांडव, हारतुरे, सगळे संचालक. सजवलेली पहिली गाडी नव्या दांड्याखालूनच गेली पाहिजे म्हणे. आता फोटोसेल जोडलेला नसला की युनिट दांडा खाली आणतच नाही, रस्त्यात कुणीतरी उभं आहे असं धरून चालतं. मग आम्ही लोक काय करतो? त्या दोन टर्मिनलमध्ये बोटभर वायरचा तुकडा अडकवतो. त्याला जंपर म्हणतात. युनिटला वाटतं, फोटोसेल आहे आणि रस्ता मोकळा आहे. टेस्टिंगपुरता सगळेच मारतात. मीही मारला. आठ दिवसांत फोटोसेल येतील तेव्हा काढतो म्हणालो, मुहूर्ताचा पेढा खाल्ला आणि घरी आलो.

हो, मीच मारला. स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्यांवर राग काढत बसलेलो नाही मी.

नंतर चार वेळा फोन केले. सुरक्षा अधिकारी प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, "अहो, चालतंय ना? मग कशाला हात लावताय?" पाचव्यांदा मी केला नाही. कामं होती. महिना गेला.

आणि मग एका सकाळी अकरा वाजता, भरल्या गेटवर, दांडा एका बाईच्या खांद्यावर आला. कांताबाई नाव. जामखेडकडची ऊसतोडीची टोळी होती. ती पुढे कासरा धरून चालत होती, नवरा अंकुश गाडीत उसावर बसलेला. त्यांच्या पुढे एक ट्रॅक्टर आत गेला. त्याचं लोखंड लूपवरून सरकलं, युनिटला वाटलं रस्ता मोकळा, त्याने दांडा सोडला. ती पडली, बैल बुजले, आणि एका बैलाचा पाय तिच्या कोपरावर पडला. कोपराचा चुरा झाला.

त्याच दुपारी मला सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला तो असा — "उद्या प्रात्यक्षिक ठेवलंय, या. मशिन ओके असल्याचं लिहून द्यायचंय."

मी म्हणालो, "साहेब, मशिन ओके नाहीये."

"या तर खरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेटवर अंकुश भेटला. खाली बघत उभा होता. चूक बाईची निघाली तर दवाखान्याचं त्यांचं त्यांनी बघायचं आणि गाडी हंगामातून बंद, असं ऑफिसने त्याला सांगितलं होतं. "तिनं पळत न्हाई घुसवली गाडी, दादा," तो म्हणाला. "मी वरून बघत हुतो की. दांडा वर हुता म्हून ती निघाली."

मी त्याला सांगितलं, काळजी करू नको, आज सगळ्यांसमोर दाखवतो. खरंच सांगतो, मी तिथे भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. जंपर काढलेला नव्हता. मुद्दाम. लोकांना दिसू दे म्हटलं.

आधी त्यांनी ट्रक उभा केला. दांडा वरच राहिला, राहणारच. साहेबांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली. मी म्हणालो, "ट्रकचं काय दाखवताय? माणूस उभा करा. मीच राहतो." आणि जाऊन दांड्याखाली उभा राहिलो. दोन्ही हात डोक्यावर, दांडा आला की धरायचा असं ठरवून. गार्डने बटण दाबलं, दांडा वर गेला. मी मोठ्याने आकडे मोजायला लागलो. आठ झाले. दहा झाले. वीस झाले. दांडा वरच.

मी बाजूला झालो. दांडा खाली आला.

पुन्हा उभा राहिलो. आला नाही. बाजूला झालो, आला.

मला वाटलं कुणीतरी रात्रीतून फोटोसेल लावले. खांब बघितले, रिकामे. पेटी उघडली. जंपर जागेवर, माझ्याच हाताने पिळलेला, निळ्या वायरचा. मीटर लावला, बीप वाजला, म्हणजे जोड पक्का. लूपकडून खबर घेणारा डिटेक्टर पेटीतच असतो, त्याचा दिवा बंद, म्हणजे त्यालाही काही दिसत नव्हतं. तरी मी तो डिटेक्टर बेसमधून उपटून खिशात घातला. आता त्या युनिटला बाहेरचं काहीएक कळायला मार्ग नव्हता. आंधळं केलं मी त्याला. आणि परत जाऊन खाली उभा राहिलो.

नाही आला. मी तिथे उभं राहून त्याला शिव्या दिल्या. लोक हसत होते. ये की खाली, म्हणत होतो मी, ये ना भडव्या, काल कसा आला होतास. तो आपला आभाळाकडे तोंड करून उभा.

मग साहेबांनी बैलगाड्या सोडायला सांगितल्या. मी आडवा गेलो तर दोन गार्डनी मला बाजूला घेतलं. चार गाड्या गेल्या, प्रत्येकीपुढे कुणी ना कुणी कासरा धरून. दर गाडीला दांडा वर जायचा, थांबायचा, बैल, गाडी, मागून लोंबणारी उसाची वाढी, म्हणजे शेंडे, सगळं पार झालं की मगच खाली यायचा, आणि तोही हळू. त्याचा स्पीड मी सेट केलाय, इतका हळू तो येऊच शकत नाही. डिटेक्टर माझ्या खिशात होता. तो अजून कोमट होता.

"बघा," साहेब म्हणाले, "मशिन एकदम ओके आहे. आता बोला."

मी काय बोलणार? तरी बोललो. म्हणालो, साहेब, हे खोटं चाललंय, असं चालूच शकत नाही, आत बघा, जंपर आहे, मी मारलेला आहे. ते म्हणाले, "चाललेलं मशिन समोर दिसतंय आणि तुम्ही म्हणता चालत नाही. तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले. अंकुश सोडून.

त्यांनी कागदावर लिहिलं — प्रात्यक्षिक समाधानकारक, सदर महिलेचा निष्काळजीपणा. मी माझा वेगळा रिपोर्ट लिहिला. फोटोसेल बसवलेला नाही, टर्मिनल मी जोडून ठेवले, अपघात त्यामुळे झाला, खाली सही. त्याची पोच त्यांनी दिली आणि फाईलला लावला की नाही देव जाणे. त्यानंतर त्या कारखान्याने मला परत बोलावलेलं नाही.

पण मी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी, न बोलावता. गार्ड ओळखीचा झाला होता, त्याने पाच मिनिटं दिली. डिटेक्टर परत बसवला, दांडा वर घ्यायला लावला आणि खाली उसाची मोळी उभी धरली. आठव्या सेकंदाला दांडा थाडकन मोळीवर आला. मी स्वतः उभा राहिलो. माझ्याही खांद्यावर आला, आठवडाभर हात वर होत नव्हता. जसा यायला हवा तसा. आदल्या दिवशी तेवढा तासभर काय झालं होतं त्याला? रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला म्हणाल, तर मी बाजूला झाल्यावर तो सुटत कसा होता? अर्थिंग, ओल, मिलच्या मोटारींचा नॉईज, सगळं तपासलंय. युनिटच्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला हे शक्य नाही. अरे, ते मलाही माहीत आहे.

साहेबांना बोलवा म्हटलं, तर गार्डने मला पेटीकडे बोट दाखवलं. पेटीवर हळद-कुंकू लावलेलं, खाली नारळाची शकलं. गाडीवानांनी वाढवला होता. दांडा जागृत आहे म्हणे, गरिबाचं जनावर राखतो. जंपर आतच होता. मी तो तिथल्या तिथे काढून फेकून दिला. दांडा वर गेला आणि वरच राहिला, आता युनिटच्या नियमाप्रमाणे. गार्ड घाबरला, साहेब ओरडतील म्हणाला. ओरडू दे म्हटलं. दोन दिवसांत दुसऱ्या कुणाकडून तरी तो पुन्हा मारून घेतला असणार, मला खात्री आहे.

हंगाम संपल्यावर मी जामखेडकडे गेलो, पत्ता काढत. कांताबाई दारात ज्वारी निवडत बसली होती, एका हाताने. दुसरा हात कोपरात वाकलेला, सरळ होत नाही. अंकुश बाहेर गेला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वायर कुठे असते, ती का मारली, का काढली नाही. माफी मागितली. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "ह्यांनी सांगितलं, तुमी खाली हुबे ऱ्हायले तर आला न्हाई म्हने दांडा."

"नाही आला."

"चार गाड्या गेल्या, त्यांच्यावर बी न्हाई?"

"नाही."

तिने ज्वारीतला एक खडा काढून टाकला. "आमच्या टोळीत समदे म्हनत्यात, हिचंच कायतरी असंल. आता मला बी तसंच वाटतंय," ती म्हणाली. "एवढ्यांला सोडलं आन् मलाच धरलं. कायतरी चुकलं असंल माझं."

मी म्हणालो, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. वायर मी ठेवली होती तिथे."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वायर तर तुमी हुबे हुते तवा बी हुतीच की, दादा."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि निघालो. त्या दिवशी जे कुणी किंवा जे काही तो दांडा धरून उभं होतं, त्याने सगळ्यांसमोर एका बाईला दोषी ठरवलं आणि माझी सही कुचकामी केली. तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर मला सांगू नका. जामखेडला जाऊन तिला सांगा.