दिवस मावळू न देणारा राजा

मोहाडीच्या टिकाराम विणकराची पोरगी हर्षा राक्षस बनवते, असं कोणी सांगितलं की गल्लीतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पण ते खरंच होतं. पुण्याच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर खेळाचं अख्खं जग तिनं घरातल्या मागच्या खोलीत बसून रचलं होतं: नद्या, किल्ले, देव, इतकंच काय, तिथल्या शिव्यासुद्धा. खेळाचे तीन भाग आले, तिन्ही तुफान चालले, आणि चालले ते तिच्या खलनायकामुळं.

हा खलनायक म्हणजे एक राजा, पण तो कोणाला मारत नसे की कोंडत नसे. राज्याबाहेर निघालेल्याला तो मायेनं म्हणे, "एवढा दिवस मावळू दे, मग जा." आणि तिथं दिवस मावळतच नसे. दुसऱ्या भागात त्यानं वेशीबाहेर पूल बांधायला घेतला, तर रोज नेमका एकच दगड कमी पडे. खेळणारी पोरं चिडून वेडी व्हायची. हे सुचतं कुठून, असं कंपनीतले विचारत. हर्षा काय सांगणार, कपाळ?

पुढच्या खोलीत बापाचा हातमाग होता. नोकरी लागली त्या वर्षी ती पुण्याला निघाली, तेव्हा टिकाराम म्हणाला, "जाय ना बाई, कोण नाही म्हनते? एवढा ताणा उतरू दे." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, ते विणून संपले की माग मोकळा. पण टिकारामचा माग कधी मोकळा झालाच नाही. जुना ताणा हातभर उरला की तो नव्याचा एकेक धागा जुन्याला सांधत बसे. अशी सहा वर्षं गेली. बाप दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. हा तर रोज सकाळी चहा करून तिच्या दाराशी ठेवायचा. हर्षाचा जीव गुदमरायचा, आणि गुदमरतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

यंदा कंपनीतल्या साधनाताईंचा फोन आला. चौथा भाग सगळा हर्षाच्या हाती, पण पुण्यात राहून. एक तारखेला हजर झाली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार. हर्षानं तिकीट काढलं, बॅग भरली आणि मागापाशी जाऊन उभी राहिली. टिकाराम धागे सांधत होता.

"बाबा, मी परवा पुण्याले जाऊन राहिली."

"जाय ना. एवढा ताणा..."

"तो उतरत नाही, बाबा! तुमी उतरूच देत नाही. काहून करता असं?"

बापावर तिनं पहिल्यांदाच आवाज चढवला होता. टिकारामचे हात थांबले. मान वर न करता तो म्हणाला, "तुही माय गेली तवापासून मले घरात एकट्याले भेव लागते. तू दुकानात गेली तरी लागते. साठ वर्साचा मानूस मी, कोनाले सांगू?"

तीन भागांत हर्षानं त्या राजाला फौज दिली, पूल दिला, न मावळणारा सूर्य दिला. त्याला भीती वाटत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. बाप नाही म्हणाला असता तर ती गेली असती. ओरडला असता तर धावत गेली असती. तिनं तिथूनच साधनाताईंना फोन लावला, मला जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि बाप खरं बोलला याचा तिला जन्मात आला नव्हता एवढा राग आला.