माग होते तिथली माती

लग्न होऊन मी फोपनारहून बुऱ्हाणपूरला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. माहेरी दाराबाहेर पाऊल टाकलं की केळीचा मळा सुरू व्हायचा. सासरी पुढच्या दाराबाहेर गल्ली आणि मागच्या दारी यंत्रमागांची शेड. चार माग होते. सकाळी ते सुरू झाले की स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी थरथरत राहायची. आम्हा सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. नवीन पाहुण्यांना वाटायचं, या घरात भांडण चाललंय.

माझ्या सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी चाळीसेक वर्षं ते माग चालवले आणि त्यात त्यांचे कान गेले. डावा पूर्ण, उजवा अर्धा. पुढे गुडघेही धरायला लागले, तेव्हा त्यांनी माग विकून टाकले. माझ्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, त्याला त्या कामात रस नव्हता. मागांपाठोपाठ शेडचे गंजलेले पत्रेही उतरवले. मग मागच्या दारी उरली ती चार भिंतींमधली सिमेंटची जमीन, तिच्यावरचे तेलाचे काळे डाग, आणि वर उघडं आकाश.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि चार-पाच दिवसांनी मी शाळेतून येऊन कपडे वाळत घालायला मागे गेले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दुपारी घरी असते. पाहते तर ऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं. कुठं सावलीचा तुकडा नाही. दोन वर्षं मी तिथं कपडे वाळवत होते, पण ते ऊन त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ओली चादर हातात तशीच राहिली आणि मी मनातल्या मनात आखणी करून टाकली. इकडे भेंडी, तिकडे गवार, पूर्वेच्या भिंतीला दोडका, कोपऱ्यात तोंडलीचा मांडव. थंडी ओसरली की बी टोकायचं, म्हणजे हातात महिनाभरसुद्धा नव्हता. छाती धडधडायला लागली, हे सांगायला आता जरा लाज वाटते.

जेवताना मी विषय काढला. नवरा म्हणाला, "सिमेंटात भेंडी लावणार?"

"सिमेंट फोडणार."

आमची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सायन्सला. ती म्हणाली, "मम्मी, सच में? मग मी पण येणार खोदायला."

आबांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मुलीनं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ताटातला हात थांबवला.

"ती जमीन तेल प्यालेली आहे," ते म्हणाले. "तिथं गवत उगत नाही. फालतू मेहनत कशाला?"

आणि हात धुवायला उठले. त्यांनी भाकरी अर्धी ठेवली होती. मला वाटलं, आपण त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. माग गेले, पत्रे गेले, आता जमीनही फोडायला निघालो. त्या दिवशी मी पुढे बोलले नाही, पण मनातले वाफे काही पुसले गेले नाहीत.

मार्ग मुलीनं काढला. "आबांशी वाद कशाला घालायचा," ती म्हणाली, "टेस्ट करून बघू." फरशी जिथं आधीच तडकली होती तिथं आम्ही दोघींनी पहारीनं टोचून खालची थोडी माती काढली. एक डागाखालची, एक मधली, एक कोपऱ्यातली. तीन कुंड्या भरल्या, तिन्हींत मूठमूठ मेथी पेरली आणि कुंड्या भिंतीवर ओळीनं ठेवल्या. मुलीनं खडूनं त्यांच्यावर एक, दोन, तीन लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेची पिशवी खांद्याला लावूनच मागे धावले. तिसऱ्या कुंडीत मेथी दाटीनं वर आली होती. दुसऱ्या कुंडीत विरळ, पण आली होती. पहिल्या कुंडीत काहीच नव्हतं. मला हसावं की खट्टू व्हावं कळेना. चहाच्या वेळी आबा स्वतःहून बोलले.

"कोपऱ्यातली उगली."

म्हणजे ते रोज जाऊन पाहत होते. मी मान डोलावली.

"तिथून माझा मागांकडे जायचा-यायचा रस्ता होता," ते म्हणाले. "तिथं तेल कधी सांडलं नाही. पलीकडच्या भिंतीच्या बाजूला सांडायचं. ती माती हातभर काढून फेकावी लागेल." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "खडू आण तुझा."

त्या खडूनं त्यांनी सगळ्या जमिनीवर खुणा केल्या. मागाचे पाय जिथं रोवलेले होते तिथं चौकोन काढले. दोन वर्षांनी, रिकाम्या जमिनीवर, एकदाही न अडखळता. फरशी फोडायला दोन कामगार मशीन घेऊन आले तेव्हा आबा स्टूल टाकून मधोमध बसले. "चौकोनावर मारू नका," त्यांनी सांगितलं. "तिथं काँक्रीट हातभर जाड आहे. दिवस जाईल आणि काही निघायचं नाही. त्याच्या बाजूनं घ्या." मशीनच्या आवाजानं आम्ही कान झाकले होते, आबा मात्र निवांत होते.

पहिली लादी उचलली तेव्हा खाली मुरूम दिसला आणि माझं तोंड उतरलं. कामगारानं मुरुमात कुदळ घातली. दोन-तीन घाव, आणि खालून काळी माती वर आली. जरा ओलसर, हातात घेऊन दाबली की भुसभुशीत फुटणारी. एवढी वर्षं मी त्या मातीच्या शेजारी पोळ्या लाटत होते आणि मला पत्ता नव्हता. मी मूठभर माती मुलीच्या नाकाजवळ नेली. ती म्हणाली, "मम्मी, तू रडतेयस का?" मी नाही म्हटलं. खरं तर थोडी रडत होते.

तेलकट माती काढून फेकल्यावर खड्डे उरले. ते भरायला नवी माती हवी होती. मी फोपनारला माझ्या मोठ्या भावाला फोन लावला.

"दादा, मला माती पाहिजे."

"बायका माहेरून साडी मागतात," तो म्हणाला.

"साडी नको. नदीकडच्या रानातली माती, कुजलेलं शेणखत आणि तुझ्या ठिबकच्या जुन्या नळ्या. आणि केळीची वाळलेली पानं, झाकायला."

"हाव," तो म्हणाला, "रविवारी येतो." आणि त्यानं फोन ठेवला. त्याला फोनवर कधीच जास्त बोलता आलं नाही.

रविवारी तो ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आला. माझा आनंद गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकला, कारण ट्रॉली आत वळेना. पुढे घेऊन, मागे घेऊन पाहिली. शेवटी दादानं कोपऱ्यावरच ती रिकामी केली. माझ्या उंचीचा ढीग रस्त्यावर पडला. त्याच वेळी मंडपवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली.

तिसऱ्या घरातल्या काकूंच्या मुलीची त्या संध्याकाळी हळद होती आणि मंडप त्याच कोपऱ्यावर घालायचा होता. मला आमंत्रण होतं, मी साडीही काढून ठेवली होती, आणि मातीच्या नादात ते पार विसरून गेले होते. मंडपवाला म्हणाला, "भाभी, चार वाजेपर्यंत जागा खाली पाहिजे. नाही तर मी कुठं टाकू मंडप?" एक वाजून गेला होता.

मी काकूंकडे गेले. त्या ओट्यावर बसून हळकुंडं निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, माझ्याकडून मोठी चूक झाली."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. ढीग पाहिला. मग आत वळून पाहुण्यांना हाक मारली, "ज्यांनी अजून चांगले कपडे घातले नाहीत त्यांनी बाहेर या बरं."

आठ-दहा बायका बाहेर आल्या. काकूंचे भाऊ आले, नवऱ्याला मी दुकानातून बोलावून घेतलं. घमेली, टोपल्या, बादल्या, काकूंच्या घरची एक परातसुद्धा निघाली. सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. जो तो भरलेलं घमेलं घेऊन गल्लीतून धावत होता आणि परत येणाऱ्याला धडकत होता.

तेव्हा आबा दारातून खाली उतरले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळे थांबले. मागांच्या आवाजात कामगार एकमेकांशी हातानंच बोलायचे, आबांचं सगळं आयुष्य त्या खुणांत गेलं होतं. त्यांनी एकेकाकडे बोट दाखवून जागा नेमून दिली. दोन हातांच्या अंतरावर एक माणूस, कोपऱ्यापासून आमच्या मागच्या दारापर्यंत. घमेलं जाईल उजवीकडून, रिकामं येईल डावीकडून. तळहात खाली दाबला की हळू, बोटं फिरवली की भराभर. एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. पाच मिनिटांत रांग अशी चालायला लागली की माती हातोहात सरकत घरात शिरत होती.

मी रांगेत काकूंच्या नणंदेच्या शेजारी होते. तिची माझी ओळख त्याच दिवशी झाली. ती खंडव्याची. दर दोन घमेल्यांना ती विचारायची, "क्या लगाओगे?" आणि मी एक-एक भाजी सांगत होते. तोंडली म्हटल्यावर ती म्हणाली, "मुझे भी बेल देना." माझे दंड भरून आले होते, केसात माती गेली होती, आणि मला ते काम संपूच नये असं वाटत होतं. साडेतीनच्या सुमाराला दादानं कोपरा झाडून काढला. काकूंनी त्यावर पाणी शिंपडलं आणि मंडपवाल्यानं बांबू उभे केले. नवरी मुलगी गच्चीतून सगळं पाहत होती. ती वरून म्हणाली, "हळद मला लागायच्या आधी तुम्ही सगळे रंगलात."

हळदीला मी अंघोळ करून गेले तरी नखांत माती होती. कुणी काही म्हटलं नाही, सगळ्यांच्याच होती.

पुढचा आठवडा वाफे करण्यात गेला. माती आणि शेणखत आम्ही मिसळलं, ढेकळं फोडली, नळ्या अंथरल्या. मला वाफे नजरेनं आखायचे होते. आबांना ते पटेना. ते आत गेले आणि सुताचा एक उरलेला कोन घेऊन आले, पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं पांढरं जाड सूत. दोन टोकांना खिळे ठोकून त्यांनी सूत ताणलं आणि बोटानं छेडून पाहिलं.

"ढिलं सूत चालत नाही," ते म्हणाले. "एक तार ढिली राहिली की सगळं कापड वाकडं."

त्या सुताला धरून आम्ही भेंडी टोकली. वीतभर अंतर, दोन-दोन बिया, वर बोटभर माती. मुलगी खड्डा करत होती, मी बी टाकत होते आणि आबा स्टुलावर बसून काठीच्या टोकानं माती सारत होते. मग गवार, दोडका, काकडी. नवरा दुकानातून आला आणि कुणी न सांगता पाण्याचा कॉक सोडायला गेला.

त्यानंतरचे दिवस मला शाळेत शिकवणं अवघड गेलं. मुलं पाढे म्हणत आणि माझं लक्ष घड्याळाकडे. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मी वाफ्यांकडे. सहाव्या दिवशी मला उशीर झाला. दारात आबा उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि हाताची पाचही बोटं मिटून हळूहळू उघडली. ती खूण मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, पण अर्थ विचारावा लागला नाही. भेंडी वर आली होती. सुताच्या खाली, एका ओळीत, बी अजून टोपीसारखं डोक्यावर घेऊन.

सगळंच जमलं असं नाही. एप्रिलच्या उन्हात काकडीची पानं करपली, एकही धड काकडी हाती आली नाही. भिंतीकडच्या एका पट्ट्यात माती बदलूनही काही उगलं नाही. तिथं आबांनी खाट टाकली. पण भेंडीनं मात्र कमाल केली. पहिल्या तोडीला अकरा निघाल्या. मी त्या पदरात घेऊन आत आले आणि कुठं ठेवाव्यात हेच सुचेना, म्हणून पोळपाटावर मांडल्या. नवरा भेंडी खात नाही. त्या दिवशी त्यानं दोनदा वाढून घेतली.

जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "आता पुढच्या मोसमात वांगी लावू. भरताची, मोठी." आणि उत्तराची वाट न पाहता जागा मोजायला मागे गेले.