काढून टाकलेला पर्याय

जळगावच्या आमच्या ऑफिसात ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हसाठी लायब्ररी तयार होते, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी वापरायचा आयता कोड. तिथल्या सर्वांत ज्येष्ठ बाई स्क्रीनवर पेन्सिल टेकवत कोड मोठ्यानं वाचतात. वापरणाऱ्याला निवडायला ठेवलेला एखादा पर्याय जास्तीचा वाटला, की धुळ्याकडच्या बोलीत विचारतात, "हाई कोन वापरस?" आम्ही घुटमळलो, की तो पर्याय उडतो. त्यामुळे आमचा कोड सुटसुटीत राहतो. मला मात्र त्यांच्या शेजारी बसायची धास्ती वाटते.

गेल्या महिन्यात पारोळ्याहून एक प्रोग्रामर आला. वीज गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहावा की बंद, हे ठरवायचा पर्याय बाईंनीच काढून टाकला होता. त्यापायी त्याला स्वतः चार पानांचा कोड लिहावा लागला होता.

"ताई, आमच्याकडे लाइट सारखी जाते," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह उघडा राहिला, की कपाशीत तळं होतं."

बाईंनी चारही पानं शांतपणे वाचली. "सोपं आपलं झालं आणि अवघड याच्या गळ्यात पडलं," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी पर्याय परत घातला आणि वर टीप लिहिली, "हा मी काढला होता. वापरणाऱ्याला न विचारता काढू नये."

टिपेखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव टाकलं. एरवी त्या कुठल्याच फाइलवर नाव टाकत नाहीत.