दोन मिनिटांत फ्रेंच राज्यक्रांती

नववीच्या मुलांना मी फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवायला सांगितलं होतं. बहुतेकांनी पुस्तकातली कारणं घडाघडा म्हटली. लेखी परीक्षेत कायम मागे पडणारी सारिका मात्र स्वयंपाकघरात बसून अडखळत बोलत होती. "पाव महाग झाला तेव्हा बायका आधी स्वतः जेवायच्या थांबल्या असतील. तरी पोरांना पुरेना, तेव्हा त्या राजाच्या दारात गेल्या."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही, बाई. घरी बघितलंय."

इतकी वर्षं शिकवताना 'उपाशी जनता' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गर्दी यायची. त्या गर्दीत मला कुणाची आई कधी दिसली नव्हती. मी तिला पूर्ण गुण दिले आणि हळूच विचारलं, "आज डबा आणलायस ना?"